नसलेल्या बटणामागचा कोड: एका एल्म प्रोग्रॅममधील अनावश्यक भाग काढण्याचे प्रकरण

नव्याने रुजू झालेल्या एका प्रोग्रॅमरकडे किरकोळ वाटावे असे काम आले होते. एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदारांसाठी देखभाल खर्चाची मासिक बिले तयार करणारा वेब-प्रोग्रॅम आमच्याकडे होता, आणि त्या बिलात सिंकिंग फंडाची रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवायची होती. बिलाचा मजकूर प्रोग्रॅममध्ये तीन ठिकाणी तयार होत असे: छापील बिलासाठी, ईमेलसाठी आणि एसएमएससाठी. पहिली दोन ठिकाणे त्याने अर्ध्या दिवसात उरकली. तिसऱ्या ठिकाणी त्याचे दोन दिवस गेले, कारण रोमन लिपीतल्या एसएमएसला १६० अक्षरांची मुभा असली तरी त्यात एकही देवनागरी अक्षर आले की संदेश युनिकोड स्वरूपात जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यामुळे नवी ओळ बसवण्यासाठी मजकूर कुठे तोडायचा, याचा सारा हिशेब त्याला नव्याने मांडावा लागला. काम पूर्ण झाल्यावर ते पडद्यावर एकदा पाहावे म्हणून तो एसएमएसचे बटण शोधू लागला आणि ते त्याला सापडेना. आम्ही जुन्या मंडळींनीही शोधले. ते बटण २०२१ मध्येच काढून टाकलेले होते.

काढण्याचे कारण तेव्हा सर्वांना ठाऊक होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांना आपले नाव आणि संदेशाचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेत आधी नोंदवावा लागतो, आणि मार्च २०२१ मध्ये त्या साच्यांशी संदेश ताडून पाहण्याची सक्ती सुरू झाली तेव्हा पहिल्या काही दिवसांत बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते. एका सोसायटीच्या बिलांसाठी ती नोंदणी करण्याचा खटाटोप कोणी केला नाही. बटण काढले, ‘बघू नंतर’ असे ठरले आणि बटणामागचा कोड जिथल्या तिथे राहिला.

प्रश्न फक्त वाया गेलेल्या दोन दिवसांचा नव्हता. आमच्या प्रोग्रॅमचा ब्राउझरमध्ये चालणारा भाग एल्म या भाषेत लिहिलेला आहे. एल्म ही शुद्ध फंक्शनल भाषा, तिचा कंपायलर (लिहिलेला कोड तपासून चालवण्याजोग्या रूपात आणणारा प्रोग्रॅम) कडक, आणि ‘कंपाइल झाले म्हणजे बहुतेक बरोबर’ हा विश्वास आम्ही अंगवळणी पाडून घेतलेला. असे असताना जे कधीच चालू शकत नाही ते इतकी वर्षे कंपायलरच्या नजरेतून कसे निसटले, आणि आता ते काढायचे तर किती आणि कुठपर्यंत, हे नीट पाहण्यासाठी आम्ही ते काम एक स्वतंत्र प्रकरण म्हणून हाती घेतले.

कंपायलर गप्प का राहिला

एल्ममधील वेब-प्रोग्रॅमची रचना ठरलेली असते. प्रोग्रॅमची सगळी अवस्था एका मॉडेलमध्ये असते, मॉडेलवरून पडदा रेखाटणारे व्ह्यू हे फंक्शन असते, पडद्यावर काही घडले की एक मेसेज निघतो, आणि तो मेसेज व जुने मॉडेल घेऊन अपडेट हे फंक्शन नवे मॉडेल देते व बाहेरच्या जगाकडून काही करवून घ्यायचे असेल तर त्याची आज्ञाही परत करते. मेसेजचे सर्व प्रकार एका टाइपमध्ये (मूल्यांच्या ठरवलेल्या जातीत) कन्स्ट्रक्टर म्हणून, म्हणजे त्या त्या प्रकाराचे मूल्य तयार करणारी नावे म्हणून, मांडलेले असतात. अपडेटमध्ये त्या प्रत्येक प्रकारासाठी एक शाखा असलीच पाहिजे, आणि एखादी राहिली तर कंपायलर पुढे जाऊ देत नाही.

नेमका हाच कडकपणा इथे आडवा आला. बटण काढणाऱ्याने व्ह्यूमधील एक ओळ काढली. ‘एसएमएस पाठवा’ हा कन्स्ट्रक्टर टाइपमध्ये तसाच राहिल्यामुळे त्याची शाखा अपडेटमध्ये ठेवणे भागच होते. शाखा होती म्हणून ती ज्या फंक्शनना बोलावते ती वापरात दिसत होती, आणि ती ज्यांना बोलावतात तीही. कंपायलरच्या लेखी सगळे सुरळीत होते. तो मेसेज आता कोणीच तयार करत नाही, हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि विचारण्याचे काम त्याच्याकडे सोपवलेलेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ०.१९ या आवृत्तीपासून तर न वापरलेल्या नावांबद्दलच्या सूचनाही एल्मच्या कंपायलरने देणे बंद केले आहे. ते काम बाहेरच्या तपासणी-साधनांवर सोडले आहे.

इथे एक गैरसमज आमच्यातही होता, तो नोंदवून ठेवतो. त्याच आवृत्तीपासून एल्मचा कंपायलर मुख्य व्याख्येपासून सुरुवात करून जिथवर पोहोचता येते तेवढ्याच व्याख्या अंतिम फाइलमध्ये घालतो, त्यामुळे ‘अनावश्यक कोड आपोआप गळतो’ असे आम्ही समजून चाललो होतो. तो गळतो हे खरे, पण ज्याच्यापर्यंत कोणतीच वाट जात नाही तेवढाच. एसएमएसच्या कोडपर्यंत अपडेटमधून वाट जात होती. त्या वाटेने कोणी कधी येणार नव्हते एवढेच, आणि वाट असणे व वाटसरू असणे यांतला फरक कंपायलरला कळण्याचे कारण नाही. परिणामी तो सारा कोड दर वेळी खजिनदारांच्या ब्राउझरमध्ये उतरत होता.

काढण्याचे धाडस कुठून येते

जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या नेहमीच्या भाषेत असे प्रकरण आले असते तर आम्ही बहुधा हात लावला नसता. तिथे एखाद्या फंक्शनला बोलावून त्याचे उत्तर कुठेच वापरलेले नसले तरी ती ओळ काढणे सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, कारण ते फंक्शन आत जाऊन एखादी सामायिक यादी बदलत असेल, कुठे नोंद करत असेल, किंवा दुसऱ्या कोणाला जागे करत असेल. ते पाहायचे तर त्या फंक्शनचा आणि त्याने बोलावलेल्या सगळ्यांचा तळ गाठावा लागतो, आणि अर्ध्या वाटेवर माणूस ‘असू दे’ म्हणून परततो.

शुद्ध फंक्शनल भाषेत फंक्शनचा परिणाम म्हणजे त्याचे उत्तर. दुसरे काही नाही. उत्तर कोणी वापरत नसेल तर ते फंक्शन बोलावले काय आणि न बोलावले काय, प्रोग्रॅमच्या वागण्यात फरक पडत नाही. एसएमएस पाठवण्याची आज्ञासुद्धा एल्ममध्ये फक्त एक मूल्य असते; ते मूल्य अपडेटमधून बाहेर पडून एल्मच्या चालक यंत्रणेच्या हाती गेले तरच काही घडते. म्हणून एखादी शाखा कधीच चालत नाही एवढे एकदा सिद्ध झाले की ती काढताना आत डोकावण्याची गरज राहत नाही. या विधानाला दोन किरकोळ अपवाद आहेत. डीबगसाठी मजकूर छापणारे फंक्शन शुद्ध नाही. पण ते कोडमध्ये असेल तर एल्म अंतिम, ऑप्टिमाइझ केलेली फाइल तयारच करून देत नाही. दुसरा अपवाद न संपणाऱ्या गणनेचा. एल्म मूल्ये लगेच मोजते, त्यामुळे न वापरलेली पण अनंतकाळ चालणारी व्याख्या काढली तर अडकणारा प्रोग्रॅम चालू लागेल. असा बदल झाल्याची तक्रार कोणी करील असे वाटत नाही. हॅस्केल या दुसऱ्या शुद्ध फंक्शनल भाषेत तर मूल्य मागितल्याशिवाय मोजलेच जात नाही, त्यामुळे हा प्रश्नही बहुतेक वेळा उद्भवत नाही.

निष्क्रिय कोड तसाच ठेवण्याची किंमत किती असू शकते याचे सर्वपरिचित उदाहरण फंक्शनल भाषांच्या बाहेरचे आहे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाची सोय होती. २००३ पासून ती वापरात नव्हती, पण कोड सर्व्हरवर तसाच होता. २००५ मध्ये त्यातील, पूर्ण झालेले सौदे मोजून थांबवणारा भाग दुसरीकडे हलवला गेला आणि त्यानंतर ती सोय कोणी तपासून पाहिली नाही. २०१२ मध्ये नव्या सोयीसाठी तिचाच जुना निर्देशक (सोय चालू करणारी खूण) पुन्हा वापरला गेला आणि आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. १ ऑगस्ट रोजी बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर नऊ वर्षे झोपलेला कोड जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४६ कोटी डॉलरच्या घरात नुकसान ओढवून घेतले. आमच्या सोसायटीच्या बिलांवर असे काही संकट येणार नव्हते. तरीही ‘पडून आहे, खातो काय’ हा युक्तिवाद बैठकीत पुढे आला तेव्हा हे उदाहरण कामी आले.

एक धागा ओढला तेव्हा

पहिली तपासणी आम्ही सगळे करतात तशीच केली: संपादकात नाव टाकून ते कुठे कुठे आले आहे ते पाहिले. तिचा उपयोग झाला नाही, कारण प्रत्येक नाव कुठेतरी येतच होते. मग एल्म-रिव्ह्यू हे साधन लावले. हे साधन सर्व मॉड्यूल (कोडच्या वेगवेगळ्या फाइल) एकत्र वाचते, आणि त्याच्या नियमांत कन्स्ट्रक्टरवर केवळ शाखा लिहिलेली असणे म्हणजे तो वापरणे असे धरत नाहीत. तो कोणीतरी प्रत्यक्ष तयार केला पाहिजे. पहिल्याच फेरीत त्याने बोट ठेवले ते ‘एसएमएस पाठवा’ या कन्स्ट्रक्टरवर. बाकी सगळे अजून वापरातच दिसत होते.

कन्स्ट्रक्टर काढला. अपडेटमधील शाखा आता नसलेल्या नावाविषयी बोलत असल्यामुळे कंपायलरने ती दाखवली, तीही काढली. इथपर्यंत दहाएक ओळी गेल्या असतील. पुन्हा साधन चालवले तेव्हा एसएमएसच्या मॉड्यूलमधून बाहेर दिलेले ‘पाठव’ हे फंक्शन कोणीही मागत नाही असे त्याने सांगितले. ते काढल्यावर दोन दिशांना वाटा फुटल्या, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्याजोगा भाग तिथे आहे.

पहिली दिशा खाली, मजकूर तयार करणाऱ्या फंक्शनकडे जाणारी होती. ‘पाठव’ हे फंक्शन मजकूर आखूड करणाऱ्या फंक्शनला बोलावत होते. ते फंक्शन आणि शब्दाची सीमा शोधणारे फंक्शन ही एकमेकांना बोलावणारी जोडी होती: मजकूर तोडायचा, सीमा चुकली तर मागे जायचे, पुन्हा तोडायचे. नुसते ‘याला कोणी बोलावते का’ असे मोजले तर या जोडीतील प्रत्येकाला दुसरा बोलावत असतो आणि दोघेही कायम वापरात दिसतात. संदर्भ मोजून स्मृती मोकळी करणाऱ्या पद्धतीला एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या दोन वस्तू सुटत नाहीत, तसाच हा प्रकार. उपाय तोच आहे: मोजणे सोडून मुळापासून चालत जायचे, आणि जिथे पाऊल पडत नाही ते टाकायचे. त्याच मॉड्यूलमध्ये आकडे देवनागरीत लिहिणारे एक छोटे फंक्शन होते आणि ते छापील बिलालाही लागत होते. त्यामुळे सबंध फाइल उडवून मोकळे होता आले नाही. ते फंक्शन बिलाच्या मॉड्यूलमध्ये हलवले, मग फाइल काढली.

दुसरी दिशा परत वर, अपडेटकडे वळणारी होती. सर्व्हरकडून उत्तर आल्यावर निघणारा ‘एसएमएसचे उत्तर आले’ हा मेसेज फक्त ‘पाठव’ या फंक्शनमध्ये तयार होत असे. ते फंक्शन गेल्यावर हा कन्स्ट्रक्टरही कोणी तयार करेनासे झाले, आणि अपडेटमधली त्याची शाखा निर्जीव झाली. म्हणजे एका शाखेमुळे फंक्शन जिवंत, फंक्शनमुळे मेसेज जिवंत, आणि मेसेजमुळे दुसरी शाखा जिवंत, अशी ती साखळी होती. अशा वेळी वरून यादी करून एका झटक्यात सगळे काढण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळला, आणि माझ्या मते ते योग्य झाले: प्रत्येक कडी काढली की कंपाइल करायचे, साधन चालवायचे, वेगळा कमिट (बदलाची स्वतंत्र नोंद) करायचा आणि मग पुढची कडी पाहायची. काम कंटाळवाणे होते, पण कुठे हात थांबला आणि का, हे त्यामुळे स्पष्ट दिसले.

साधन ‘काही उरले नाही’ म्हणाले तिथे

हात थांबला तो मॉडेलमधील एका फील्डपाशी, म्हणजे माहितीच्या एका रकान्यापाशी. प्रत्येक फ्लॅटच्या बिलासोबत एसएमएसची स्थिती ठेवलेली होती आणि तिचे चार कन्स्ट्रक्टर होते: पाठवला नाही, जात आहे, गेला, अडला. काढून टाकलेल्या दोन शाखांमध्येच ही स्थिती बदलत असे. आता ती बदलणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा पहिला सोडून बाकीचे तीन कन्स्ट्रक्टर साधनाने दाखवायला हवे होते. त्याने एकही दाखवला नाही.

कारण मसुद्यांमध्ये होते. खजिनदार अर्धवट राहिलेली बिले मसुदा म्हणून ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात ठेवू शकत. मसुदा साठवताना स्थितीचा एक शब्द लिहिला जाई आणि मसुदा उघडताना डिकोडर तो शब्द वाचून पुन्हा योग्य तो कन्स्ट्रक्टर तयार करी. हा डिकोडर चारही कन्स्ट्रक्टर तयार करत होता, म्हणून साधनाच्या दृष्टीने चारही जिवंत होते. प्रोग्रॅम स्वतःच लिहीत होता, स्वतःच वाचत होता, आणि त्या वर्तुळाबाहेर कोणीही नवे काही भरत नव्हते. वर्तुळाचा अर्धा भाग प्रोग्रॅमच्या बाहेर, ब्राउझरच्या साठ्यातून जात असल्यामुळे कोडवर कितीही कसून नजर टाकली तरी ते पूर्ण दिसणे शक्य नव्हते.

इथे कोडचा प्रश्न संपून माहितीचा प्रश्न सुरू झाला. एखाद्या जुन्या मसुद्यात ‘गेला’ हा शब्द अजून पडलेला असू शकत होता आणि तसा असेल तर त्या फ्लॅटसमोर हिरवी खूण उमटत होती. ती खूण कोणाला लागते का? थकबाकीचा वाद निघाला तर ‘तुम्हाला बिल पाठवले होते’ हे दाखवण्यासाठी खजिनदार ती वापरत असतील अशी शंका आमच्यातल्या एकाने काढली, आणि ती रास्त होती. आम्ही खजिनदारांनाच विचारले. वाद निघाला तर आपण कार्यालयातील जावक नोंदवही पुढे करतो, पडद्यावरची खूण कोणी मानत नाही, आणि ती हिरवी खूण कशाची आहे हे आपल्याला आजवर माहीतच नव्हते, असे त्यांनी सांगितले. त्यांनी पदभार घेतला तेव्हा बटण आधीच गेलेले होते.

मग ते फील्ड, तो टाइप, व्ह्यूमधील खूण दाखवणारे फंक्शन, तिच्या चार रंगांच्या शैली आणि मसुद्याच्या डिकोडरमधील तो भाग असे सगळे गेले. जुने मसुदे उघडताना अडचण आली नाही, कारण एल्मचा डिकोडर मागितलेलीच फील्ड वाचतो आणि जेसनमधील (माहिती मजकूर म्हणून साठवण्याच्या त्या स्वरूपातील) जास्तीच्या फील्डकडे दुर्लक्ष करतो. हे आधी एका जुन्या मसुद्यावर पडताळून घेतले, तेवढे मात्र करायलाच हवे होते.

मोबाइल क्रमांकाचे फील्ड

शेवटी उरला सभासदाचा मोबाइल क्रमांक. सर्व्हरकडून फ्लॅटची यादी येत असे आणि तिच्यात फ्लॅट क्रमांक, सभासदाचे नाव, मोबाइल, विंग आणि थकबाकी अशी पाच फील्ड वाचली जात. मोबाइल फक्त एसएमएससाठी लागत होता. तो काढण्यात दोन धोके होते, आणि ‘फंक्शनल भाषेत काढणे सुरक्षित असते’ हे वाक्य किती जपून वापरावे ते त्यांवरून कळते.

पहिला धोका क्रमाचा. एल्ममध्ये रेकॉर्डच्या (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या मूल्याच्या) टाइपला नाव दिले की त्याच नावाचे एक फंक्शन आपोआप मिळते आणि ते फील्डची मूल्ये टाइपमधील क्रमानेच घेते. डिकोडरमध्ये आम्ही तेच फंक्शन वापरत होतो. मोबाइल आणि विंग दोन्ही मजकूर या टाइपची आणि शेजारी शेजारी. टाइपमधून मोबाइल काढला आणि डिकोडरमधून चुकून विंगची ओळ काढली तर कंपायलर तक्रार करत नाही. मजकुराच्या जागी मजकूर आला, त्याचे समाधान झाले. पडद्यावर मात्र ‘बी विंग’ऐवजी दहा आकडी क्रमांक उमटतो. ही चूक आमच्या हातून प्रत्यक्ष झाली आणि डिकोडरच्या टेस्टने (आपोआप चालणाऱ्या तपासणीने) ती पकडली. टाइप वेगळे असते, म्हणजे मोबाइलसाठी आणि विंगसाठी स्वतंत्र टाइप केलेले असते, तर कंपायलरनेच ती पकडली असती. विंगपुरते ते नंतर करून घेतले.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. डिकोडर एखादे फील्ड मागतो तेव्हा तो ते असण्याची अटही घालत असतो. मोबाइल नसलेला एक जरी फ्लॅट यादीत आला तरी सबंध यादी वाचणे फसत असे. मूल्य कोणी वापरत नव्हते, पण अट वापरात होती. फील्ड काढल्याने प्रोग्रॅम आधी नाकारत असलेली यादी आता स्वीकारू लागला, म्हणजेच त्याचे वागणे बदलले. बदल आम्हाला हवा तसाच होता. तरी तो ‘साफसफाई’ या सदरात न घालता स्वतंत्र बदल म्हणून नोंदवला आणि सर्व्हरचा भाग सांभाळणाऱ्यांना कळवला.

मुळे कोणती मानायची

या कामात टेस्टमुळे झालेला गोंधळ गमतीचा होता. मजकूर आखूड करणाऱ्या फंक्शनवर आमच्या सर्वांत चांगल्या टेस्ट होत्या. जोडाक्षर मधोमध तुटू नये, काना-मात्रा अक्षरापासून सुटू नये, रुपयांचा आकडा दोन तुकड्यांत जाऊ नये, असे सगळे तपासलेले. इतकी वर्षे त्या इमानाने उत्तीर्ण होत राहिल्या, आणि त्या होत्या म्हणूनच तो कोड महत्त्वाचा असणार असे नवीन प्रोग्रॅमरला वाटले. टेस्ट हाही एक वापर मानला तर असा कोड कधीच निघणार नाही. म्हणून आम्ही मुळे, म्हणजे जिथून चालायला सुरुवात करायची त्या जागा, दोनच मानली: मुख्य व्याख्या, आणि जावास्क्रिप्टशी बोलणारे पोर्ट. केवळ टेस्टमधून पोहोचता येणारी गोष्ट काढायची आणि तिच्या टेस्टही काढायच्या. त्या टेस्ट पुसताना लिहिणाऱ्याला वाईट वाटले, हे लपवत नाही; लिहिणारा मीच होतो.

मुळांचा हा प्रश्न प्रत्येक फंक्शनल भाषेत वेगळ्या रूपात येतो. हॅस्केलमध्ये कंपायलर मॉड्यूलच्या आतल्या न वापरलेल्या व्याख्यांची सूचना देतो, पण मॉड्यूलने बाहेर दिलेल्या नावाविषयी तो बोलत नाही, कारण बाहेर ते कोणाला लागेल हे त्याला माहीत नसते. बाहेर देण्याची यादीच लिहिली नसेल तर सगळीच नावे बाहेर जातात आणि सूचना जवळपास बंद होतात. वीडर हे साधन कंपायलरने ८.८ आवृत्तीपासून लिहून ठेवायला सुरुवात केलेल्या माहितीच्या फाइल वाचून सबंध प्रकल्पाचा आलेख उभा करते आणि आपण सांगितलेल्या मुळांपासून चालत जाते. तिथे टाइपक्लासची इन्स्टन्स (एखाद्या टाइपला ठरावीक क्रिया पुरवणाऱ्या व्याख्या) डोकेदुखी ठरतात, कारण ती नावाने कोणी बोलावत नाही. एर्लांगमध्ये तर फंक्शनचे नाव प्रोग्रॅम चालू असताना मूल्य म्हणून मिळू शकते, त्यामुळे केवळ कोड वाचून ‘याला कोणीच बोलावत नाही’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. एल्ममध्ये यातले काही नाही, म्हणूनच आमचे प्रकरण तुलनेने सरळ होते.

जे निरुपयोगी दिसले तरी ठेवले

एका ठिकाणी मात्र काढण्याची घाई अंगाशी आली असती. प्रोग्रॅममध्ये ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोन टाइप होते आणि त्यांचे कन्स्ट्रक्टर कोणीही कधीही तयार करत नव्हते. संपादकात शोधून पाहणाऱ्याला ती दोन्ही निर्जीव वाटली. प्रत्यक्षात ती बिलाच्या टाइपला लावलेली चिठ्ठी होती: कच्चे बिल छापायला देता येऊ नये आणि पक्के झालेले बिल पुन्हा बदलता येऊ नये, याची राखण कंपायलरने करावी म्हणून. चालू प्रोग्रॅममध्ये अशा टाइपचे एकही मूल्य नसते. त्याचे सगळे काम कंपाइल होतानाच होऊन जाते. एल्म-रिव्ह्यू ही पद्धत ओळखते आणि अशा कन्स्ट्रक्टरबद्दल तक्रार करत नाही. आम्ही शेजारी दोन ओळींची टीप लिहून ठेवली, कारण पुढच्या वेळी काढणारा माणूस साधन लावीलच असे नाही.

‘कोड टिप्पणी करून, म्हणजे चालणार नाही पण फाइलमध्ये राहील असा, ठेवू, उद्या एसएमएस परत सुरू झाला तर?’ हा प्रश्न शेवटच्या बैठकीत आलाच. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये तो आहेच, हे नेहमीचे उत्तर दिले गेले. पण या प्रकरणात त्याहून नेमके उत्तर होते: तो कोड आता परत आणला तरी चालला नसता. नोंदणी-यंत्रणेत मंजूर झालेल्या साच्यात ठरलेल्या जागीच नाव, रक्कम, तारीख भरता येते, आणि आमचे फंक्शन तर मजकूर बसेल तिथे तोडून दर वेळी वेगळे वाक्य तयार करत होते. एसएमएस पुन्हा पाठवायचे ठरले तर ते काम साच्यापासून सुरू करावे लागेल आणि जुन्या कोडमधले त्यात काहीच लागणार नाही. त्या वादावर तिथेच पडदा पडला.

सर्व्हरवरील एसएमएसचा पत्ता, म्हणजे पाठवण्याची मागणी जिथे जाई ती जागा, काढून टाकणे आमच्या हातात नव्हते. आमच्याकडून तिथे मागणी येणार नाही एवढे आम्ही लेखी कळवले. त्यांनी नोंदी पाहिल्या, दुसरे कोणीही तो पत्ता वापरत नाही याची खात्री केली आणि पुढच्या आवृत्तीत तो बंद केला.

त्या पत्रव्यवहारातच शेवटची गोष्ट बाहेर आली. मोबाइल नसला की यादी उघडत नाही, हे कार्यालयातल्या कारकुनाला खूप आधी अनुभवाने कळले होते. का, ते माहीत नव्हते. म्हणून बंद असलेल्या आणि परगावी राहणाऱ्या मालकांच्या फ्लॅटसमोर तो दहा वेळा नऊ हा आकडा भरत असे. आता अट गेली होती, पण भरलेले नऊ डेटाबेसमध्ये तसेच होते आणि सोसायटीच्या सभासद यादीत मोबाइल म्हणून छापले जात होते. त्यांना कोणते साधन हात लावणार नव्हते. सर्व्हरवाल्यांनी अशा फ्लॅटची यादी काढून दिली, आणि खजिनदारांनी सभासद नोंदवही समोर ठेवून एकेक क्रमांक स्वतः दुरुस्त केला.